जुन्या सागवानाच्या जाड फळ्या, दोन वखारी आणि आमचं डायनिंग टेबल: सविस्तर अनुभव

टेबल होऊन सहा महिने झाले, एक अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आत्ता लिहितेय. एप्रिलमध्येच लिहिलं असतं तर नुसत्या आनंदाच्या भरात लिहिलं गेलं असतं आणि कोणाच्या उपयोगाचं झालं नसतं. हा रिव्ह्यू टेबलाच्या डिझाइनचा नाहीये, फळ्या तयार करण्याचा आहे, म्हणजे जुनं लाकूड कुठून घेतलं, कोणी रंधून दिलं, कोणी बिघडवलं आणि कोणी निस्तरलं. कारण जुन्या जाड लाकडाचं टेबल करायचं तर खरं काम इथेच असतं, पाय आणि जोड नंतर होतात.

आम्हाला सहा फूट बाय तीन फूट टेबल हवं होतं, सहा माणसं कोपर न लागता जेवतील असं. फर्निचरच्या शोरूममध्ये जे बघितलं ते वरून सागाचं दिसायचं पण आत एमडीएफ आणि वर व्हीनियर, किंमत मात्र पाहून गप्प बसावं अशी. सासरी वाईला जुन्या घरात सागाचा पाट आहे, सासूबाईंच्या सासूबाईंचा, तो अजून जसाच्या तसा आहे, मग ठरवलं की लाकूड घेऊ तर तसंच घेऊ.

आधी जुन्या लाकडाच्या दुकानाबद्दल. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला जुनं लाकूड विकणारे लोक आहेत, पेठांमधले वाडे पाडले की तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दारं, चौकटी असलं सगळं त्यांच्याकडे येतं. आम्ही तीन ठिकाणी फिरलो आणि चौथ्या ठिकाणी घेतलं. चौथंच का, तर माल शेडखाली होता, जमिनीला टेकलेला नव्हता, खाली ओंडके टाकून त्यावर रचलेला होता. आधीच्या तिनांपैकी दोन ठिकाणी फळ्या उघड्यावर, पावसात भिजून उन्हात तडकलेल्या, आणि भाव तोच. दुकानदार काका साठीच्या पुढचे, मी म्हटलं जाड फळ्या हव्यात, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कशाला हव्यात ताई?" टेबलाला म्हटल्यावर त्यांनी कडीपाटाच्या फळ्या दाखवल्याच नाहीत, म्हणाले त्या इंचभर आहेत, साफ केल्यावर पाऊण पण उरणार नाही, तुम्ही तुळई घ्या आणि चिरून घ्या. मला हे फार आवडलं, कारण तयार पडलेला माल गळ्यात मारणं त्यांना सोपं होतं.

लाकूड ओळखायला त्यांनी जे शिकवलं ते इथे लिहून ठेवते. जुनी तुळई बाहेरून सगळीच काळी दिसते, धुराने, तेलाने, चुन्याने. त्यामुळे रंगावर जायचं नाही. छोट्या रंध्याने किंवा पटाशीने एका कोपऱ्यावर दोन इंच खरवडून द्यायला सांगायचं, दुकानदार नाही म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जायचं. साग असेल तर आतून सोनेरी तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि ताज्या कापलेल्या जागेला चामड्यासारखा वास येतो, शंभर वर्षांच्या तुळईलासुद्धा येतो. ऐन हे दुसरं लाकूड, ते जास्त काळपट आणि उचलायला सागापेक्षा चांगलाच जड. ऐनाचं लाकूड वाईट नाही, पण ते रंधायला त्रास देतं, रेष (म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा) उलटसुलट असते. मी हात ठेवलेली एक तुळई मला सागच वाटत होती, काकांनी स्वतःहून सांगितलं की ही ऐनाची आहे, सागाच्या भावात घेऊ नका. नंतर टोच्याने टोचून बघायचं, विशेषतः तुळईचं जे टोक भिंतीत असतं ते, कारण तिथे ओल धरते आणि वाळवी लागते. आमच्या एका तुळईचं टोक सात-आठ इंच भुसभुशीत निघालं, काकांनी तेवढं कापून टाकलं आणि उरलेल्याचंच माप धरलं.

हिशोब घनफुटात होतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. आमच्या पाच फळ्या, प्रत्येकी सात फूट लांब, साडेनऊ इंच रुंद, अडीच इंच जाड, म्हणजे एक फळी साधारण १.१५ घनफूट आणि पाच मिळून पावणेसहा घनफूट. आम्हाला ३,००० रुपये घनफूट लागले, एकूण १७,३०० रुपये, पायांसाठी एक जुना खांब वेगळा. चिराई त्यांनीच ओळखीच्या वखारीत बँड सॉवर करून दिली, तिचे पैसे वेगळे. पाचवी फळी जास्तीची घेतली आणि ती घेतली म्हणून बरं झालं, एका फळीत मधोमध जुनं कुसवाचं (दुसरं लाकूड अडकवायचं) भोक निघालं जे बाहेरून चुन्याने भरून दिसतच नव्हतं. चार लागत असतील तर पाच घ्याच.

आता खिळे. यावर मी खूप लिहिणार आहे, कारण इथे लोक घाई करतात. तुळयांना दोनशे ठिकाणी काय काय ठोकलेलं असतं, पंख्याचे हूक, पाळण्याच्या कड्या, वायरिंगच्या पट्टीचे बारीक खिळे, कॅलेंडरचे खिळे, आणि सगळ्यात जुने म्हणजे लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे, डोकं चपटं आणि बूड निमुळतं. चिरल्यावर यातले निम्मे अर्धवट कापलेले आत राहतात आणि वरून दिसत नाहीत. आम्ही आधी मोठं स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवलं, त्याने वरवरचे कळतात, खोलवरचे नाही. मग एका मित्राकडून तो सिक्युरिटीवाल्यांकडे असतो तसा हातातला मेटल डिटेक्टर आणला आणि काम एकदम सोपं झालं. आवाज आला की खडूने गोल करायचा, चारही बाजूंनी फिरवायचं, कुठल्या बाजूने आवाज मोठा येतो ते बघायचं, तिकडून उकरायचं. दुसरी एक खूण म्हणजे काळा डाग. सागात काय किंवा ऐनात काय, लोखंड गंजलं आणि ओल लागली की लाकडातल्या टॅनिनबरोबर त्याची प्रक्रिया होऊन खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. डाग दिसला की खाली लोखंड आहे किंवा होतं असं समजायचं. डोकं वर असलेले खिळे कटावणीने, खाली लाकडाचा तुकडा ठेवून, म्हणजे फळीला खळगा पडत नाही. मोडलेल्यांना बाजूने अरुंद पटाशीने उकरून पकडीत धरायचं. जो आरपार जवळ आलाय त्याला पंच लावून मागून पुढे ठोकायचं. पाच फळ्यांतून आम्ही ६७ काढले, दोन रविवार गेले, माझा भाऊ आणि नवरा दोघंही होते तरी.

रंग लागलेल्या बाजूबद्दल एक महत्त्वाचं. आमच्या एका तुळईला हिरवा ऑइल पेंट होता, दोन-तीन थर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, वाड्यावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे असा रंग ग्राइंडर लावून कोरडा घासू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नको. आम्ही पाणी मारत मारत स्क्रेपरने खरवडला, खाली प्लॅस्टिक अंथरलं होतं, खरवडलेला रंग पिशवीत बांधून वेगळा टाकला. आणि सागाची धूळ पण साधी नसते, नाकात खाज, अंगावर पुरळ येऊ शकतो, कठीण लाकडाची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर कॅन्सरचं कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे. एन ९५ मास्क लावूनच काम करा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक दिवस काम केल्यावर मी स्वतःच ते थांबवलं, वरच्या आजींना दमा आहे, पुढचं सगळं भावाच्या उत्तमनगरच्या गोडाऊनमध्ये केलं.

खिळे काढल्यावर फळ्या लगेच वखारीत न्यायच्या नाहीत. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलंच असणार असं सगळे म्हणतात, मलाही तसंच वाटायचं, पण तुळई बाहेरून वाळलेली असली तरी चिरल्यावर आतला भाग पहिल्यांदा हवेवर येतो, आतला ताण सुटतो आणि फळी हलते. डिसेंबरात चिरलेल्या फळ्यांवर दोन पिनांचा मॉइश्चर मीटर लावला तेव्हा आतल्या बाजूला १५ टक्के दाखवत होता. गोडाऊनमध्ये सिमेंटच्या फरशीवर ओंडके, त्यावर फळी, दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक उभ्या रेषेत, आणि सगळ्यात वर वजन म्हणून विटा. दहा आठवडे ठेवल्या. फेब्रुवारी अखेरीस मीटर ११ वर आला आणि पुढचे दोन आठवडे तिथेच राहिला, मग म्हटलं आता झालं. एका फळीला या काळात चांगलाच पीळ आला, म्हणजे चारही कोपरे एका पातळीत राहिले नाहीत, दुसरीला थोडा कमी, तीन बऱ्यापैकी सरळ राहिल्या. हा पीळ रंधल्यावर आला असता तर काय केलं असतं?

आता पहिल्या वखारीचा अनुभव, नाव लिहीत नाही. घरापासून जवळ पडते म्हणून पीळ असलेल्या त्या दोन फळ्या आधी तिकडे नेल्या, म्हटलं अवघड दोन होतायत का बघू, मग बाकीच्या देऊ. मी स्पष्ट सांगितलं होतं की पीळ काढायचाय, दोन इंचाच्या खाली जायचं नाही. त्यांनी "हो मॅडम" म्हणून फळ्या उचलल्या आणि सरळ थिकनेसरमध्ये (फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनमध्ये) घातल्या. एकदा, दोनदा, पाचदा. वरून दिसायला काचेसारख्या गुळगुळीत. घरी आणून फरशीवर ठेवल्या तर एक कोपरा अजूनही तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर, आणि जाडी किती उरली, तर दोन इंच एक सूत. अडीच इंचातले तीन सूत गेले आणि पीळ होता तिथेच. शिवाय त्यांच्या ब्लेडला कुठेतरी खाच होती, त्यामुळे फळीभर एक बारीक उंच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोन केला तर म्हणे जुनं लाकूड असंच असतं, वाकतं. दहा आठवडे थांबून जपलेली फळी असं कोणी फुकट घालवली की फार वाईट वाटतं, मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि पैसे परत मिळाले नाहीत हा भाग तर वेगळाच.

दुसरी वखार जुन्या लाकडाच्या काकांनीच सांगितली, टिंबर मार्केटच्याच परिसरात. तिथले मिस्त्री मुळशीकडचे, वयाने सत्तरीच्या जवळचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी फळी बघितली, दोन चौकोनी ॲल्युमिनियमचे पाइप घेतले, एक फळीच्या या टोकाला आडवा ठेवला, एक त्या टोकाला, आणि खाली बसून एका डोळ्याने एकावरून दुसरा बघितला. दोन्ही पाइप एका रेषेत दिसले तर फळी सरळ, एकाचं टोक वर दिसलं तर तेवढा पीळ. मला पण बसवून दाखवलं. मग म्हणाले, "ताई, मशीनला पीळ दिसत नाही. ती फक्त खालच्या अंगाची नक्कल वरच्या अंगावर करते. खालचं अंग वाकडं तर वरचं पण तेवढंच वाकडं, फक्त गुळगुळीत."

मला पूर्ण प्रकरण या एका वाक्यात कळलं. थिकनेसरमध्ये फळीचं खालचं अंग टेबलावर टेकतं आणि वरचं ब्लेड त्याला समांतर कापतं, बस. म्हणून आधी एक अंग सपाट करून घ्यावं लागतं, तेही दुसऱ्या मशीनवर, ज्यात ब्लेड खालून असतं, त्याला आमच्याकडे सगळे सरफेस प्लॅनर किंवा नुसतं रंधा मशीन म्हणतात. ते एक अंग सपाट झालं की त्याला धरून एक कड काटकोनात, मग थिकनेसरमध्ये दुसरं अंग, मग दुसरी कड. हा क्रम बदलला की काम बिघडलं. पण सात फुटी, साडेनऊ इंची, वीस किलोच्या आसपास वजनाची फळी छोट्या सरफेस प्लॅनरवर धरणं सोपं नसतं, त्या वखारीचं मशीनही सहा इंचीच होतं. मग काकांनी काय केलं, जाड प्लायची एक लांब पाटी घेतली, त्यावर फळी ठेवली, जिथे जिथे फळी अधांतरी होती तिथे पाचरी सारल्या, पिळाचा अर्धा अर्धा भाग दोन्ही कोपऱ्यांना वाटून दिला म्हणजे एकाच कोपऱ्यातून सगळं लाकूड जायला नको, पाचरी गरम गोंदाने चिकटवल्या आणि पाटीसकट सगळं थिकनेसरमध्ये घातलं. आता खाली पाटी सपाट आहे, फळी हलत नाही, त्यामुळे वरचं अंग खरोखर सपाट कापलं जातं. ते झालं की पाटी काढायची, फळी उलटायची, मग साधा थिकनेसर.

त्याआधी त्यांनी तीन गोष्टी केल्या ज्या पहिल्या वखारीत कोणी केल्या नाहीत. एक, स्वतःचा डिटेक्टर फिरवला, आम्ही इतकं करूनही एक मोडलेलं टोक सापडलं, इंचभर आत, ते काढून मगच मशीन चालू केलं. दोन, सात फुटी फळी आधी साडेसहा फुटांवर कापली, कारण जितकी लांब फळी तितका पीळ जास्त आणि तितकं लाकूड जास्त जाणार. सहावरच का नाही कापली, तर थिकनेसरच्या तोंडाशी आणि शेवटी दोन-तीन इंचात ब्लेड थोडं जास्त खातं, खड्डा पडतो, तो भाग नंतर कापून टाकायचा असतो. तीन, फळीची रेष कुठून कुठे जाते ते कडेवर बघून खडूने बाण काढला. उलट्या रेषेने घातली की सागसुद्धा उचकटतो, छोटे छोटे तुकडे उपटून निघतात आणि ते खड्डे पॉलिश पेपरने जात नाहीत.

ब्लेडबद्दल पण विचारून घ्या. सागात सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा ना, त्यामुळे ब्लेडची धार फार लवकर जाते. म्हणून बऱ्याच वखारी सागाला जास्त दर लावतात आणि तो मला योग्य वाटतो. काकांनी आमच्या कामासाठी धार लावलेली ब्लेडं चढवली, एका वेळी अर्ध्या सुताहून कमी काढलं, आणि चार फळ्यांचे १,८०० रुपये घेतले. शेवटी जाडी झाली पावणेदोन इंच. दोन इंच हवी होती. त्या दोन फळ्या आधीच्या वखारीतून कमी होऊन आल्या होत्या म्हणून बाकीच्या चांगल्या फळ्यांनाही त्यांच्या बरोबरीला आणावं लागलं. याची खंत मला अजून आहे, टेबलावर हात ठेवला की कधीकधी आठवतं.

ज्यांना जवळ चांगली वखार नाही त्यांच्यासाठी, हे सगळं हाताने होतं. भावाकडे ८२ एमएमचा हातातला इलेक्ट्रिक रंधा होता, एक फळी आम्ही त्याच्यावर करून बघितली, ती कुसवाच्या भोकाची जास्तीची. पीळ असलेले दोन समोरासमोरचे कोपरे आधी उतरवायचे, मग आडवं तिरकं मारत जायचं, रेषेच्या दिशेने नाही, दर थोड्या वेळाने ते दोन पाइप ठेवून बघायचं. होतं. पण ८२ एमएमचे पट्टे दिसतात, दोन पट्ट्यांमध्ये धार उरते, शेवटी लोखंडी हातरंधा मारावाच लागतो. एका फळीला आमचा एक पूर्ण दिवस गेला, हात दुसऱ्या दिवशी वर होत नव्हते. तब्येत चांगली असेल आणि वेळ असेल तर करा, एक अंग हाताने सपाट केलं आणि दुसऱ्या अंगाला वखारीत थिकनेसर मारून आणला हा मधला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण थिकनेसर जवळपास सगळीकडे असतो, पीळ काढणारा माणूस नसतो.

रंधून आल्यावर फळ्या पुन्हा आठवडाभर पट्ट्या घालून ठेवल्या, उभ्या नाही, आडव्या, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात नाही. जरासा बदल झाला, एका फळीला कागद सरकेल इतका, तो जोडताना बसून गेला.

जोडताना कडा महत्त्वाच्या. काकांनी शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटवून कडा एकत्र रंधल्या, म्हणजे रंधा काटकोनात किंचित चुकला तरी एकीचा चुकलेला कोन दुसरीच्या उलट असतो आणि उघडून ठेवल्यावर जोड सपाटच येतो. जोडून उजेडाकडे धरलं तर फट दिसायला नको. फट क्लॅम्पने दाबून बंद करू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ती पुढच्या उन्हाळ्यात उघडते. सागाला गोंद लावताना त्याचं तेल आड येतं, म्हणून कडा रंधल्यापासून काही तासांच्या आत चिकटवायच्या आणि त्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यायच्या, फडक्यावर पिवळट रंग येतो तो येईनासा होईपर्यंत. फेविकॉल मरीन वापरला, चांगला धरलाय. मार्चअखेरीचं पुण्याचं ऊन, गोंद भराभर सुकतो, म्हणून सकाळी सातला सुरू केलं, आधी दोन-दोनच्या जोड्या, दुसऱ्या दिवशी त्या दोन जोड्यांचा एक. सहा क्लॅम्प, एक खालून एक वरून, नाहीतर पूर्ण टॉप ताटासारखा वाकतो.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगते, टॉप खालच्या फ्रेमला स्क्रूने घट्ट आवळू नका, गोंदाने तर चिकटवूच नका. साग फार कमी हलतो हे खरंय, पण हलतो. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत तो साधारण ५.८ टक्के आकसतो, चिराई बुंध्याच्या मध्यातून आरपार असेल तर अडीच टक्केच. आपल्या टेबलाला एवढं होत नाही, पण उन्हाळा ते पावसाळा ओलावा चार टक्के जरी बदलला तरी तीन फुटांच्या रुंदीला एक ते अडीच सुताचा फरक पडतो. त्याला जागा ठेवली नाही तर लाकूड स्वतःच जागा करून घेतं, म्हणजे चिरतं. आम्ही लाकडाची छोटी बटणं केली, त्यांची जीभ फ्रेमच्या खाचेत आणि स्क्रू टॉपला, खाचेत दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून. उन्हाळ्यात जोडताय तर पावसाळ्यात फुगायला जागा जास्त ठेवा.

खिळ्यांची भोकं आम्ही लपवली नाहीत, अरल्डाइटमध्ये काजळी मिसळून भरली, काळे ठिपके दिसतात आणि ते मला फार आवडतात, प्रत्येक ठिपका कुठून आला ते मला माहीत आहे. पॉलिश पेपर ८०, १२०, १८० नंबर, आणि वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार पातळ हात, प्रत्येक हाताला दोन दिवस. इथे एक इशारा, तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. हळदीचा डाग पहिल्या महिन्यात लगेच पुसला नाही तर राहतो. गरम कुकर थेट ठेवू नका.

टॉपचं वजन अंदाजे ४८ किलो भरतं, दोघांनी उचलताना कंबर सांभाळा.

जुन्या लाकडाचं दुकान, माझ्याकडून पाचपैकी पाच. दुसरी वखार पाचपैकी पाच, फक्त तिथे फोनवर काम ठरत नाही, समोर जाऊन बसावं लागतं आणि शनिवारी गर्दी असते, सकाळी लवकर जा. पहिल्या वखारीला मी गुण देत नाही. तुम्ही कुठेही जा, फळी मशीनमध्ये घालायच्या आधी ते लोक ती जमिनीवर ठेवून बघतात का, दोन पट्ट्या ठेवून डोळा लावतात का, एवढंच बघा. लावत नसतील तर फळी उचलून परत या, दोन तास गेले तरी चालतील.

मे महिन्यात टेबलाची रुंदी मी मधोमध मोजून खाली पेन्सिलने लिहून ठेवली होती, बरोबर ३६ इंच. ऑगस्टमध्ये त्याच जागी मोजली तर ३६ इंच आणि दीड सूत. जोड एकही उघडला नाही, टॉप चारही कोपऱ्यांवर टेकलेलाच आहे, बटणं आपापल्या खाचेत सरकलेली दिसतात. भोकाची ती पाचवी फळी अजून गोडाऊनमध्ये पट्ट्यांवर पडून आहे, तिचा बाक करायचाय. वखारीतल्या काकांना विचारलं तर म्हणाले दिवाळी होऊन जाऊ दे, हवा कोरडी झाली की घेऊन ये.